बोलणाऱ्याच्या हातातला किलो

मी एक किलो बोलतोय. कशाचा किलो, असं लगेच विचारू नका. साखरेचा नाही, तूरडाळीचा नाही, नुसता किलो. तराजूच्या एका पारड्यात माल असायचा आणि दुसऱ्यात मी. लोखंडाचा, काळा, सहा कोनांचा, डोक्यावर माझं माप ठसठशीत अक्षरांत. हल्लीच्या मुलांनी मला पाहिलं की त्यांना मी व्यायामाचं काहीतरी साधन वाटतो. त्यांचा दोष नाही. ती शाळेत जायला लागेपर्यंत दुकानांत आकडे चमकणारे काटे येऊन बसले होते.

माझा जन्म जालन्याच्या एका ओतशाळेतला. भट्टीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासलं आणि जोखून पाहिलं, तर मी किंचित कमी भरलो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. आमच्या जातीच्या पोटात मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. त्यात शिसं भरून कमी पडलेलं पुरं करतात आणि त्या शिशावर वजनमापं खात्याचा शिक्का बसतो. मग बाजारात कुणी हलकं म्हणायची सोय राहत नाही. माणसांच्या पोटात अशी सोय का केली नसावी, हा प्रश्न मला पुढे कॉलेजात फार वेळा पडला.

ओतशाळेतून मी मंठ्याला कारभारीभाऊंच्या किराणा दुकानात आलो. माणसांचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं ते तिथं. फार नेमकं बोलायचे लोक. अर्धा किलो साखर, पाव किलो शेंगदाणे, जल्दी करा, जीप भरून राह्यली. एवढं बोललं की गिऱ्हाईक मोकळं. त्यामुळे माझा असा समज झाला की माणूस काहीतरी हवं असतं म्हणून बोलतो आणि ते मिळालं की गप्प बसतो. एक खोड मात्र मी तेव्हाही पाहिली होती. प्रत्येकाला स्वतःसाठी झुकतं माप हवं असायचं. मला वाटलं, ही खोड फक्त डाळ-साखरेपुरती असेल.

मग चमकत्या आकड्यांचा काटा दुकानात आला आणि मी गल्ल्यावरून उतरलो. काही दिवस गुळाची ढेप फोडली, काही दिवस रद्दीवर बसलो. शेवटी कारभारीभाऊंच्या बायकोनं, उषाबाईंनी, मला धुऊन लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर ठेवलं. लोणच्याचा वास सोडला तर तिथं सुख होतं. कुणी उचलत नव्हतं, कुणी आपटत नव्हतं.

कारभारीभाऊंची मुलगी अर्पिता मंठ्याच्याच एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. घरात ती अर्पिता असली तरी मी पुढे तिच्या वर्गात नोकरी केली, म्हणून मी तिला मॅडमच म्हणतो. मॅडम तासिकेवर होत्या. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढेच पैसे, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते पुढच्या वर्षीच कळणार. कॉलेजचं नाव मी सांगत नाही. ते संस्थापकांच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या नावानं मिळून तीन ओळींचं आहे, सांगत बसलो तर तास संपेल.

एकदा जेवताना मॅडम आईला सांगत होत्या की नव्या अभ्यासक्रमात वर्गात चर्चा घ्यायला लावली आहे आणि चर्चा काही होत नाही. चार जण एकदम बोलतात, आणि जे बोलतात ते भलतंच. उषाबाईंनी भाकरी तव्यावर टाकता टाकता उपाय सांगितला.

"त्यांच्या हातात काहीतरी जड दे. हात भरून आला की आपोआप गप बसतेत."

हे बोलताना त्यांची नजर बरणीवर गेली आणि बरणीवर मी होतो. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या पर्समधून मी कॉलेजात रुजू झालो. नियम साधा होता. किलो ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. बोलण्याला वजन पाहिजे, असं मॅडम म्हणाल्या आणि आपल्याच विनोदावर हसल्या. वर्ग हसला नाही.

पहिल्या दिवशी विषय होता एकत्र कुटुंब. मला प्रथम उचललं राधेश्यामनं. राधेश्याम पोलीस भरतीची तयारी करत होता. त्यानं मला मुठीत धरलं, कोपरातून वर-खाली करायला सुरुवात केली आणि म्हणाला की एकत्र कुटुंब चांगलंच, कारण घरात माणसं जास्त असली की पहाटे पळायला उठवायला कुणीतरी असतं. तिथून तो सोळाशे मीटरवर गेला, सोळाशे मीटरवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून बुटावर. कोणत्या बुटाचा तळ किती जाड, कोणत्या बुटानं टाच धरते, हे त्यानं इतक्या जिव्हाळ्यानं सांगितलं की एकत्र कुटुंब बिचारं वर्गाबाहेर जाऊन उभं राहिलं. उजवा हात भरून आला तर त्यानं मला डाव्या हातात घेतलं. उषाबाईंच्या उपायाचा त्याला फायदाच झाला.

मोनालीची हातोटी वेगळी. तिनं मला बाकावर ठेवलं आणि माझ्या डोक्यावर एक बोट टेकवलं. नियमही मोडला नाही आणि हातही दुखला नाही. मोनालीच्या ताईला घनसावंगीला दिलेलं होतं आणि ताईची सासू हा त्या वर्गाचा अभ्यासक्रमाबाहेरचा अभ्यासक्रम होता. लोकसंख्या असो, धर्म असो, नागरीकरण असो, मोनालीचं पहिलं वाक्य विषयाचं असे. दुसऱ्या वाक्यात "आता आमच्या ताईच्या घरीच बघा ना" यायचं आणि तिसऱ्यापासून सासूबाई. सासूबाईंनी फ्रिजला कुलूप लावलं, सासूबाईंनी ताईच्या माहेरचा कुकर शेजारणीला दिला. खरं सांगायचं तर सासूबाईंनी पुढे काय केलं, याची मलाही उत्सुकता लागायची. चांगलं गुऱ्हाळ असंच असतं, थांबवावंसं वाटत नाही.

तिसरा मुजाहिद. त्याचे मामू हैदराबादला राहत. मुजाहिद स्वतः तिकडे एकदाच, एका लग्नाला गेला होता, पण जगातली कुठलीही गोष्ट तो हैदराबादशी ताडून बघितल्याशिवाय सोडत नसे. मॅडमनी दुष्काळ म्हटलं की तो सांगे की मामूच्या गल्लीत चोवीस तास पाणी असतं. मॅडमनी जातिव्यवस्था म्हटलं की तो सांगे की मामूच्या बिल्डिंगीत सगळ्या जातीचे लोक एकाच लिफ्टनं जातात. तिथून लिफ्ट कशी चालते, आत आरसा कसा असतो आणि तो आत असताना ती कशी बंद पडली, इथवर गाडी जायची.

ही पोरं वाईट नव्हती, हे मी ठासून सांगतो. एकमेकांना डबा द्यायची, पेट्रोलला पैसे कमी पडले तर वर्गणी काढायची. पण दुसरा बोलत असताना त्यातलं एकही ऐकत नसे. ऐकल्यासारखा चेहरा करून प्रत्येक जण आपल्या वाक्याचा नंबर लागायची वाट बघायचा. विषय कोणताही द्या, त्याला फाटा फोडून आपल्या दाराशी आणून सोडायचा, यात ती इतकी तरबेज होती की मॅडमना मधे बोट घालायला जागा मिळत नसे. मॅडम स्वभावानं भिडस्त. कुणाला मधेच तोडलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून त्या मान डोलवत आणि तास संपे.

या वर्गात तिसऱ्या बाकावर, खिडकीजवळ कशफ बसायची. दहावीपर्यंत ती उर्दू शाळेत शिकली होती. घरी उर्दू, वर्गात मराठी, त्यामुळे बोलायच्या आधी ती वाक्य मनातल्या मनात एकदा लावून बघायची. वाक्य लागेपर्यंत मी दुसऱ्याच्या हातात गेलेलो असायचो. मी कितीदा तरी तिचा हात अर्धा वर येताना पाहिला आहे. तो पुढे केसांकडे जायचा किंवा वहीवर परत यायचा.

तिचं गाव वाटूरच्या आत. गावातून काळी-पिवळी जीपनं वाटूर फाट्यावर यायचं आणि तिथून एसटीनं मंठ्याला. जीप माणसांनी गच्च भरल्याशिवाय हलत नाही, आणि सकाळी गावातली माणसं शेतातलं काम उरकल्याशिवाय जीपकडे येत नाहीत. तरी अकराच्या पहिल्या तासाला कशफ हजर असायची. धापा टाकत यायची, ओढणीनं कपाळ पुसायची आणि पुस्तक उघडायची. त्या वर्गात पुस्तक उघडणारी बहुधा तीच.

एक दिवस प्राचार्य रामराव सरांची सूचना आली. कॉलेज अकराच्या ऐवजी सकाळी सातला भरवायचा विचार आहे. सकाळी बुद्धी ताजी असते, दुपारी विद्यार्थी अभ्यासाला मोकळे होतील. तरी प्रत्येक वर्गानं चर्चा करून आपलं मत कळवावं, सर स्वतः वर्गावर येऊन विचारतील. सूचना वाचून झाली तेव्हा कशफनं वही मिटली.

चर्चेच्या दिवशी ती लवकर आली. कोणती जीप कधी येते, हे तिनं ड्रायव्हरला विचारून घेतलं होतं. ओठ हलत होते. वाक्यं लावून बघणं चाललं होतं.

मॅडमनी विषय सांगितला आणि मला टेबलावर ठेवलं. पहिला हात अर्थातच राधेश्यामचा. तो म्हणाला की सातला त्याची पळायची वेळ असते, तेव्हा सात नको. मला बरं वाटलं, निदान सुरुवात विषयाची झाली. पण तेवढ्यात त्याला आठवलं की कालच नवे बूट आले आहेत. बुटाचा तळ आला, टाच आली, गुडघा आला. मोनालीनं बोट टेकवलं आणि म्हणाली की सकाळी उठणं आरोग्याला चांगलं असतं, आता आमच्या ताईलाच बघा ना, सासूबाई तिला पाचला उठवतात आणि स्वतः आठपर्यंत झोपतात. मुजाहिद म्हणाला की हैदराबादला कॉलेज आठलाच भरतं. मग मामूची गल्ली आली, गल्लीच्या तोंडाशी चहावाला आला, त्या चहावाल्याची मलई आली.

कशफचा हात यावेळी अर्धा नव्हता. पुरता वर होता. मॅडमनी तो पाहिला, घड्याळ पाहिलं आणि मुजाहिदच्या हातून मला जवळजवळ ओढून घेतलं.

"कशफ, तुझं राहिलं. तुझा खुलासा कर बरं."

कशफनं मला दोन्ही हातांत धरलं. ती क्षणभर गोंधळलेली दिसली, मग मान हलवली आणि बोलायला लागली.

"मॅडम, खुलासा असा आहे. राधेश्यामभैय्या बोलले की सातला ते पळतेत, मंग बुटावर बोलले. मोनाली बोलली की सकाळी उठणं चांगलं, मंग ताईच्या सासूवर बोलली. मुजाहिदभाई बोलले की हैदराबादला कॉलेज आठला भरतं, मंग चहाच्या मलईवर बोलले. वेळ बदलायची का न्हाई, ह्याच्यावर अजून कोणी बोललं न्हाई. एवढाच खुलासा आहे."

आता हे काय झालं, ते सांगतो. मराठीत खुलासा म्हणजे उलगडून सांगणं. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश. कशफच्या शाळेत धडा संपला की बाई मुलीला उभी करून म्हणत, खुलासा सांग, म्हणजे एवढ्या धड्यातलं थोडक्यात काय ते सांग. मॅडमनी तिचं म्हणणं विचारलं होतं. तिला वाटलं, तासाचा सारांश विचारला. तिनं तो दिला, आणि असा दिला की मला कारभारीभाऊंचं दुकान आठवलं. त्यात एक गुंज कमी नव्हती आणि एक गुंज जास्त नव्हती.

सांगून झाल्यावरही ती उभीच राहिली. मला तिनं खाली ठेवलं नाही. खुलासा झाला, आता आपलं मत विचारतील, अशी ती वाट बघत होती. तिची पकड सैल झाली नव्हती, म्हणून मला कळलं. पण इतरांना कळायला त्यांचं लक्ष तिच्याकडे कुठं होतं? त्यांचं लक्ष आपापल्या नावावर होतं.

"मॅडम, ही पर्सनल जाऊन राह्यली," राधेश्याम म्हणाला.

मी लोखंडाचा नसतो तर हसलो असतो. मोनाली म्हणाली की ताईच्या सासूबद्दल ती बोलली तर घरचं माणूस म्हणून बोलली, दुसरीनं का बोलावं? मुजाहिद म्हणाला की त्यानं फक्त मलईचं सांगितलं नव्हतं, त्याआधी गल्लीच्या रुंदीचंही सांगितलं होतं, ते सोडून दिलं. मॅडम सगळ्यांची समजूत काढू लागल्या, तोवर दारात रामराव सर उभे राहिले.

"काय ठरलं?" सरांनी विचारलं.

कुणी बोलेना. ठरलं असतं तर बोलले असते. सरांनी कशफच्या हातात मला पाहिलं, हे काय म्हणून विचारलं आणि नियम ऐकून खूश झाले. त्यांनी तिच्या हातून मला घेतलं. आता किलो त्यांच्याकडे होता, म्हणजे बोलायचं त्यांनी. सुरुवात शिस्तीपासून केली. शिस्त माणसाला असावी तशी झाडालाही असावी, असं म्हणाले. मग त्यांच्या मोसंबीच्या बागेत यंदा फळगळ किती आहे, पाणी तोडून झाडाला ताण किती दिवस द्यावा, पाणी एकदम सोडलं तर झाड कसं भडकतं, हे त्यांनी सांगितलं. पोरांनी माना डोलवल्या. कशफचा हात वर होता. सर तिच्याकडे बघत होते, पण त्यांना बहुधा झाड दिसत होतं.

"म्हणजे हरकत कुणाचीच न्हाई. बराबर," सर म्हणाले, मला टेबलावर ठेवलं आणि गेले. मग घंटा झाली.

तास संपल्यावर मॅडमनी कशफला थांबवून घेतलं आणि विचारलं की तू आज अशी का बोललीस. कशफनं सांगितलं की तुम्ही खुलासा मागितला, मी दिला. मग घोटाळा उलगडला. मॅडमनी तिला समोरच्या बाकावर बसवलं.

"मंग तुला बोलायचं काय होतं?"

"सातला पोचायचं तर गावातून जीपच न्हाई, मॅडम," कशफ म्हणाली. "पहिली जीप निघती तवा इथं दोन तास होऊन गेलेले असतेल. अब्बा बोलले, वेळ बदलली तर मंग घरीच बस. मला शिकायचं आहे. मी हेच बोलणार होते."

बोलायला एवढंच होतं. गल्ल्यासमोर उभं राहून अर्धा किलो साखर मागायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात झालं. याच्यासाठी वर्गात आख्खा तास होता आणि तो बुटात, सासूत आणि मलईत गेला. मला फार राग आला. लोखंडाला राग येऊन उपयोग नसतो, पण आला.

मॅडम मला पर्समध्ये टाकून तशाच सरांच्या खोलीत गेल्या. भिडस्त बाई ती, पण त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

"वर्गात चर्चा ठेवली व्हती ना, मॅडम? तवा का न्हाई बोलली ती? मी स्वतः आल्तो की."

मॅडम उत्तर देणार, तोच सरांचा फोन वाजला. बागेतल्या गड्याचा होता. सर त्याला म्हणाले की विहिरीवरच्या मोटारीची लाइट आता दुपारची झाली आहे तर काही काळजी करू नको, पुढच्या आठवड्यापासून कॉलेज बाराच्या आत सुटतं, मी स्वतः येऊन पाणी सोडतो. फोन ठेवून त्यांनी मॅडमना विचारलं की तुमच्या तासिकांचा प्रस्ताव या वर्षी दिला का. मॅडम बाहेर आल्या. बुद्धी सकाळी ताजी का असते, हे मला त्या दिवशी समजलं.

कॉलेज सातला भरू लागलं. तिसऱ्या बाकावरची खिडकीजवळची जागा रिकामी राहिली. एकदाच, भर दुपारी, कशफ ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला आली. कॉलेज सुटलेलं होतं, मॅडम पेपर तपासत बसल्या होत्या. कशफनं सांगितलं की तिचे अब्बा, अजमतभाई, वाटूर फाट्यावर ट्रॅक्टरच्या सीटा शिवतात, तिथं आता तीही बसते, रेक्झीन कापायला शिकली आहे. नाव अजून काढलेलं नाही, पुढचं पुढं बघू. मॅडमनी फोन नंबर मागितला तर म्हणाली, घरात एकच बटणांचा फोन आहे आणि तो कापलेल्या रेक्झीनच्या ढिगात कुठंतरी वाजत असतो. जाताना तिनं टेबलावरून मला उचललं, हातात तोलून पाहिलं आणि परत ठेवलं.

दिवाळीच्या थोडं आधी अभ्यासक्रमात विषय आला, ग्रामीण मुलींची शिक्षणातून गळती. मॅडम म्हणाल्या की आपल्याच वर्गात उदाहरण आहे, त्यावर बोला. मी वाट बघत होतो. राधेश्याम म्हणाला की कशफ गेल्याचं त्याला फार वाईट वाटलं, त्या दिवशी तर त्याचं पळण्यात लक्षच लागलं नाही, वेळ सहा सेकंदांनी वाढली. मोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली की कशफ तिची फार जवळची मैत्रीण होती, ताईच्या सासूचं सगळं मन लावून ऐकायची, आता सांगायचं तरी कुणाला? मुजाहिद म्हणाला की हैदराबादला असती तर सिटी बसनं आली असती. प्रत्येकानं कशफसाठी मनापासून दुःख केलं आणि त्या दुःखाच्या मधोमध स्वतःची खुर्ची मांडली. वाटूरकडून जीप किती वाजता निघते, हे कुणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर मॅडम गेल्या. इथं त्यांच्या तासिका कमी केल्या आणि घनसावंगीच्या एका कॉलेजात जास्त मिळत होत्या. मला मात्र त्यांनी नेलं नाही. या वर्गाला माझी गरज जास्त आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या जागी धम्मपाल सर आले. नवीन, पोरगेलेसे, मन लावून शिकवणारे.

आणि मग एक चमत्कार झाला. वीज मंडळाचं वेळापत्रक फिरलं आणि सरांच्या बागेच्या मोटारीला लाइट सकाळची आली. त्याच आठवड्यात फळ्यावर सूचना लागली. विद्यार्थ्यांच्या अडचणी लक्षात घेऊन कॉलेज पूर्ववत सकाळी अकराला भरेल. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या अडचणी, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

धम्मपाल सरांनी हजेरी घेताना कशफचं नाव घेतलं. गैरहजर. नाव पटावर आहे आणि मुलगी दिसत नाही, म्हणून त्यांनी चौकशी केली. सातच्या वेळेमुळं ती बंद झाली, असं वर्गानं सांगितलं.

"पण आता तर अकराची वेळ आहे," सर म्हणाले. "तिला कुणी कळवलं का?"

वर्ग एकमेकांकडे बघू लागला. राधेश्यामला वाटलं होतं, मोनालीनं कळवलं असेल. मोनालीनं ग्रुपवर टाकलं होतं, पण त्या ग्रुपवर कशफ कधीच नव्हती. मुजाहिदला वाटलं होतं, कॉलेजच कळवतं. मग सरांनी विचारलं की आता कोण कळवणार, त्या बाजूला कोण जातं? मी टेबलावर होतो. राधेश्यामनं मला उचललं आणि म्हणाला, मी सांगतो सर, मी त्याच रोडनं पळायला जातो. पण परवापासून त्याची डाव्या पायाची नस आखडली होती. ती कशी आखडली, तिला काय लावलं, कोण काय म्हणालं, हे सांगून होईपर्यंत मोनालीनं बोट टेकवलं होतं. ताईला परवा माहेरी आणायला जायचं आहे, वाट वाटूरवरूनच आहे, सांगायला हरकत नाही, पण सासूबाई ताईला पाठवतील तर ना. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. घंटा झाली. धम्मपाल सरांना वाटलं की राधेश्याम सांगणार आहे. राधेश्यामला वाटलं की मोनाली. मोनालीला काय वाटलं, ते तिलाच माहीत.

सध्या माझा मुक्काम या वर्गाच्या दारापाशी आहे. चर्चा हल्ली फारशी होत नाही, वाऱ्यानं दार आपटतं म्हणून मला त्याला टेकवून ठेवलं आहे. कडांवर गंज चढू लागलाय. परवा कुणीतरी पाय अडखळला म्हणून मला शिवी दिली. त्याचं मला काही वाटत नाही. दारातून येणारी-जाणारी पोरं दिसतात, ती काय बोलतात तेही ऐकू येतं. त्यातलं एकही वाटूरचं नसतं.

मला पाय नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय. परीक्षेचे अर्ज भरायची मुदत अजून गेलेली नाही. कशफचं नाव पटावर आहे. तुमच्यापैकी कुणी मंठ्याहून जालन्याकडे जाणारं असेल, तर वाटूर फाट्यावर दोन मिनिटं थांबा. ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारे अजमतभाई कुठं बसतात, हे कुणीही दाखवेल. तिथं एक मुलगी रेक्झीन कापत असेल. तिला एवढंच सांगा, कॉलेज परत अकराला भरतंय, ये. आणि मेहरबानी करून, त्याच्यापुढे दुसरं काही बोलत बसू नका.